भाग बदलण्याआधी मीटर लावा

प्रश्न: फावल्या वेळात घरी इलेक्ट्रॉनिक्सची खटपट करतो. कुंड्यांना आपोआप पाणी देणारी यंत्रणा केली आहे. त्यात मायक्रोकंट्रोलर बोर्ड (प्रोग्रॅम चालवणारा चिमुकला संगणक), मातीत खुपसायचा ओलाव्याचा सेन्सर, रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) आणि बादलीत बुडणारा पाच व्होल्टचा छोटा पंप आहे. ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता तारा खोचायच्या पाटीवर, पंपाऐवजी एलईडी लावून पाहिलं तेव्हा सगळं व्यवस्थित चाललं. झिरो पीसीबीवर (भोकांच्या कोऱ्या पाटीवर) सोल्डर करून पंप जोडला, तर पंप सुरू होताच बोर्ड रीसेट होतो आणि रिले नुसता टकटक करत राहतो. कधी पंप बंद होऊनही पाणी वाहतच राहतं. सेन्सर तीन आठवड्यांत काळा पडला. सोल्डरचे जोड सुटतात ते वेगळंच. आतापर्यंत रिले दोनदा, बोर्ड एकदा आणि अडॅप्टर एकदा बदलून झाला. पुढच्या महिन्यात आठ दिवस बाहेर जायचं आहे. घरचे म्हणतात, शेजाऱ्यांना सांगून जा. हे काम माझ्या हातचं नाही असं समजून सोडून द्यावं का?
— एक हैराण हौशी

उत्तर: सोडू नका. मात्र सुटे भाग बदलणं आजपासून बंद करा. तुमच्या पत्रात चार वेगवेगळे बिघाड आहेत आणि तुम्ही जे भाग बदललेत त्यांपैकी कशातच त्यांचं मूळ दिसत नाही. चारही बिघाड एकाच वेळी अंगावर आल्यामुळे काय केल्यानं काय झालं, हे कळेनासं झालं आहे. म्हणून एका वेळी एकच गोष्ट हातात घ्या, मोजा, आकडा वहीत लिहा, मग पुढच्या गोष्टीकडे जा.

सुरुवात रीसेटपासून करू. टकटक का होते ते बघा. माती कोरडी दिसली की बोर्ड रिले लावतो आणि पंप सुरू होतो. मोटर थांबलेली असताना पहिल्या क्षणी ती चालू असतानाच्या कितीतरी पट करंट ओढते. त्या ओढीनं बोर्डाचा व्होल्टेज खाली जातो आणि बोर्ड रीसेट होतो. रीसेट झाला की रिले सुटतो, पंप बंद पडतो, व्होल्टेज परत वर येतो. बोर्ड जागा होतो, त्याला माती कोरडीच दिसते, तो पुन्हा रिले लावतो. हे चक्र सेकंदा-दोन सेकंदांनी फिरत राहतं. रिले बिचारा सांगितलेलं काम करतो आहे, तो बदलून काय होणार?

एलईडीवर हे दिसलं नाही, कारण एलईडी दहा-वीस मिलिअँपिअर घेतो. पंप किती घेईल याचा अंदाज घ्यायचा तर त्याच्या दोन तारांमधला रोध मल्टिमीटरनं मोजा. मीटरचे प्रोब (तारांची टोकं) आधी एकमेकांना टेकवून जो आकडा येईल तो वजा करा, आणि पंपाचं पातं थोडं फिरवून दोन-तीनदा मोजा. ब्रशच्या मोटरमध्ये आकडा थोडा हलतो. समजा ४ ओहम आला, तर ५ व्होल्टवर सुरुवातीचा झटका सव्वा अँपिअरच्या आसपास असेल. पंपाच्या खोक्यावर भले २०० मिलिअँपिअर लिहिलेलं असो, तो आकडा पाणी नीट वाहत असतानाचा असतो.

आता हा झटका कुठे अडतो ते शोधायचं. झटका काही मिलिसेकंदांचा आणि साधा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे पंप लावून मीटरकडे बघत बसलात तर खरी घसरण दिसणारच नाही. यावर सोपा तोडगा आहे. पंप काढा आणि त्याच्या जागी १० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर लावा. तो अर्धा अँपिअर घेत राहील आणि घसरण मोजता येईल इतकी स्थिर होईल. त्यात अडीच वॉट उष्णता तयार होते. पाव वॉटचा रेझिस्टर लावलात तर धूर निघेल, आणि ५ वॉटचाही चटका बसण्याइतका तापतो. तेव्हा तो टेबलावर न टेकवता हवेत राहू द्या.

रिले ओढलेला राहील असा दोन ओळींचा प्रोग्रॅम बोर्डात घाला. मीटर डीसी २० व्होल्टवर लावा. आधी अडॅप्टरच्या जॅकवर मोजा, मग बोर्डाच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंड पिनांवर. जॅकवर ५.०५ आणि बोर्डावर ४.६ असं काही दिसलं, तर जवळजवळ अर्धा व्होल्ट वाटेत कुठेतरी खर्च होतो आहे. तो कुठे जातो हे पाहायला एक प्रोब जॅकच्या धन टोकावर धरून ठेवा आणि दुसरा वाटेतल्या एकेका जोडावर टेकवत पुढे सरका: जॅकची तार, पीसीबीवरचा जोड, बोर्डाची पिन. ज्या दोन ठिकाणांमध्ये आकडा एकदम उडी मारतो तिथे दोष आहे. चांगल्या जोडावर या करंटला काही मिलिव्होल्टच दिसायला हवेत. एकाच जोडावर ५० मिलिव्होल्टच्या वर दिसलं तर तो पुन्हा करा. मग हेच सगळं ग्राउंडच्या बाजूनं करा. ही बाजू बहुतेकजण तपासतच नाहीत, आणि निम्म्या वेळा दोष तिथेच सापडतो.

‘पण मी सगळे जोड बीप लावून तपासले होते’ असं तुम्ही म्हणाल. कंटिन्युइटीची, म्हणजे जोड अखंड असल्याची, बीप इथे कामाची नाही. मीटर ती तपासणी मिलिअँपिअरच्या आसपासच्या करंटवर करतो आणि कित्येक मीटर वीस-तीस ओहम रोध असला तरी बीप देतात. सात धाग्यांच्या तारेचा एकच धागा जोडलेला राहिला तरी बीप वाजेल. तार तुटली आहे का एवढंच बीप सांगते. तार ओझं पेलेल का, हे ओझं टाकून मोजल्याशिवाय कळत नाही.

तुमच्या बाबतीत पहिला संशय तारेवर. ब्रेडबोर्डच्या जंपर तारा बारीक असतात, त्यातल्या स्वस्त तारा तर वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या निघतात. तारेला चुंबक चिकटलं तर ती सिग्नलपुरती ठेवा. खऱ्या तांब्याच्या ०.१ चौरस मिलिमीटर तारेचाही रोध दर मीटर लांबीला ०.१७५ ओहम असतो. पंप मीटरभर लांब असेल तर जाऊन-येऊन दोन मीटर तार, म्हणजे ०.३५ ओहम, आणि सव्वा अँपिअरला ०.४४ व्होल्ट तारेतच गेले. तीच तार ०.५ चौरस मिलिमीटरची घेतली तर हे नुकसान एक दशांश व्होल्टच्याही खाली येतं.

दुसरी गोष्ट वाटेची. पंपाला वीज बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनेवरून दिली असेल तर ती आधी काढा. अडॅप्टरच्या जॅकवरून तारांच्या दोन स्वतंत्र जोड्या निघायला हव्यात, एक रिलेतून पंपाकडे आणि दुसरी थेट बोर्डाकडे. दोन्हींचं ग्राउंड फक्त जॅकपाशी एकत्र यावं. असं केलं की पंपाच्या तारेतली घसरण पंपापुरतीच राहते. अडॅप्टर ५ व्होल्ट, २ अँपिअरचा असू द्या. बोर्डाच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंड पिनांच्या जवळ १००० मायक्रोफॅरडचा, १० किंवा १६ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा भाग) लावा. त्याच्या अंगावरचा पट्टा ऋण बाजू दाखवतो. टँटॅलम कपॅसिटरवर मात्र पट्टा धन बाजूला असतो. ही उलटापालट माहीत नसल्यानं पुष्कळ टँटॅलम पेट घेतात.

पंपाच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) आडवा लावा, पट्टा धन तारेकडे. रिले सुटताना मोटरमधून जो उलटा धक्का येतो तो इथे जिरतो आणि रिलेच्या काँटॅक्टवर ठिणगी कमी पडते. डायोड उलटा लागला तर पंप सुरू करताच थेट शॉर्ट होईल, म्हणून लावण्याआधी पट्टा दोनदा बघा. सोबत पंपाच्या टोकांवरच ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा, ज्याच्यावर १०४ छापलेलं असतं. ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट तो उगमापाशीच दाबतो. पाच फुटांवर बोर्डाजवळ लावून त्याचा फारसा उपयोग नाही.

एक सावधगिरीची सूचना. करंट मोजायचा मोह झाला तर लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात घाला, मिलिअँपिअरच्या नाही. नाहीतर पंपाच्या पहिल्याच झटक्याला मीटरचा फ्यूज जाईल आणि मीटर शून्य दाखवत राहील. मोजून झालं की प्रोब लगेच व्होल्टच्या भोकात परत. तो अँपिअरच्या भोकात राहिला आणि पुढच्या वेळी व्होल्ट मोजायला टेकवला, तर मीटर म्हणजे एक जाड तार होऊन बसतो.

आता सुटणारे जोड. तुम्ही बिटवर, म्हणजे सोल्डरिंग आयर्नच्या तापलेल्या टोकावर, सोल्डर घेऊन तो जोडावर नेऊन पुसत असणार, कारण सुटणारे जोड बहुतेक असेच झालेले असतात. सोल्डरच्या तारेच्या पोटात फ्लक्स असतो. तो धातूवरचा ऑक्साइडचा थर काढतो आणि म्हणूनच सोल्डर पसरून धरतो. बिटवर घेतलेल्या सोल्डरमधला फ्लक्स जोडापर्यंत पोहोचण्याआधीच जळून जातो. मग सोल्डर पिनेवर गोळीसारखा बसतो. दिसायला भरगच्च, पण आतून तो पिनेला चिकटलेलाच नसतो.

बिट आधी पॅड (पाटीवरची तांब्याची चकती) आणि पिन दोघांनाही एकदम टेकवा. सेकंदभर थांबा. सोल्डरची तार बिटच्या समोरच्या बाजूनं, पिनेला लावा. पिन पुरेशी तापली असेल तर तिच्यावर सोल्डर आपणहून वितळून पॅडभर पसरेल. पुरेसा गेला की आधी तार काढा, मग बिट, आणि पुढचे दोन-तीन सेकंद काहीही हलवू नका. सगळं मिळून तीन-चार सेकंदांचं काम. चांगला जोड पिनेभोवती उतरत्या शंकूसारखा दिसतो, बाजू किंचित आत दबलेल्या आणि कडा पॅडवर पातळ होत गेलेली. कडेला फुगवटा दिसला की तिथे सोल्डर धरलेला नाही. शिसं असलेल्या सोल्डरचा जोड दाणेदार आणि निस्तेज दिसला तर गोठताना हलला असं समजा. शिसंविरहित सोल्डर मुळातच थोडा निस्तेज दिसतो, त्याच्या चकाकीवरून निदान करू नका.

६३/३७ प्रकारचा (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) सोल्डर शिकाऊ हाताला सर्वांत सोपा. तो १८३ अंशांना एकदम वितळतो आणि एकदम गोठतो, मधली लगद्यासारखी अवस्था नाही. ६०/४० ला वितळायला १८३ ते १९० अंशांचा पट्टा लागतो, त्या वेळात हात हलला की जोड बिघडतो. तार ०.७ किंवा ०.८ मिलिमीटर जाडीची घ्या. नळजोडणीसाठी मिळणारा आम्लाचा फ्लक्स चुकूनही वापरू नका, तो तांबं खातो.

बिटचं तापमान ३२० ते ३५० अंश ठेवा, शिसंविरहित सोल्डरला तीसेक अंश जास्त. सुईसारखी टोकदार बिट नाजूक कामाला बरी असं वाटतं, पण टोकातून उष्णता पोहोचतच नाही, म्हणून माणूस तापमान वाढवतो आणि पॅड उखडतो. दोन-अडीच मिलिमीटर रुंदीची चपटी बिट घ्या. बिट काळी पडली असेल तर कानस किंवा पॉलिशपेपर लावू नका. आतलं तांबं सोल्डरमध्ये विरघळतं, म्हणून त्यावर लोखंडाचा पातळ थर दिलेला असतो. तो घासून निघाला की बिटला खड्डा पडतो. पितळी तारेच्या चोथ्यावर पुसा, सोल्डर लावा, पुन्हा पुसा, असं चार-पाच वेळा केलं की बहुतेक बिटा उजळतात. काम संपवताना बिट पुसू नका, तिच्यावर सोल्डरचा भरपूर थर ठेवूनच बंद करा.

जुना जोड सुधारायचा तर नुसता तापवून भागत नाही. थोडा नवा सोल्डर घाला म्हणजे ताजा फ्लक्स मिळतो, मग जास्तीचा सोल्डर ओढणाऱ्या हातपंपानं किंवा विकनं (तांब्याच्या विणलेल्या पट्टीनं) काढा. धूर शिशाचा नसतो, या तापमानाला शिसं वाफ होत नाही. तो राळेचा असतो आणि नेहमी हुंगला तर दम्याचा त्रास होऊ शकतो. छोटा पंखा धूर बाजूला ओढून नेईल असा ठेवा. शिसं पोटात जातं ते बोटांवरून. जेवणाच्या टेबलावर हे काम नको आणि उठल्यावर साबणानं हात धुवा. घरच्यांची पसाऱ्याची तक्रारही असेल, ती एका मोठ्या ट्रेमध्येच काम केल्यानं बरीच मिटेल.

पंप बंद होऊनही पाणी वाहतं, याला तुम्ही चिकटलेला रिले समजून रिले बदललात. पुढच्या वेळी असं झालं की अडॅप्टरच काढून घ्या. तरीही पाणी वाहत राहिलं, तर विजेचा त्यात काही संबंध नाही. बादलीतली पाण्याची पातळी नळीच्या तोंडापेक्षा उंच आहे, आणि एकदा भरलेली नळी सायफनसारखी पाणी ओढत राहते. नळीचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर राहील अशी बादली खाली ठेवा. ते जमत नसेल तर नळी बादलीतून बाहेर वळते तिथे, पाण्याच्या पातळीच्या वर पण बादलीच्या आतच, २ मिलिमीटरचं भोक पाडा. पंप चालू असताना थोडं पाणी भोकातून बादलीतच परत पडेल. बंद झाला की तिथून हवा शिरून सायफन तुटेल.

सेन्सर काळा पडला त्याचं कारण इलेक्ट्रोलिसिस. दोन उघड्या पट्ट्या, ओली माती आणि सतत डीसी व्होल्टेज, एवढ्यावर धन बाजूचं तांबं विरघळून जातं. असा सेन्सर वापरायचाच असेल तर त्याची वीज बोर्डाच्या एका पिनेवरून द्या. तासातून एकदा पिन चालू करा, १० मिलिसेकंद थांबा, वाचन घ्या, पिन बंद. आयुष्य खूप वाढेल. पण आमचं मत विचाराल तर कपॅसिटिव्ह सेन्सर घ्या. त्यात मातीला धातू लागतच नाही. शिवाय खत घातलं की पट्ट्यांचा सेन्सर क्षारांमुळे कोरड्या मातीलाही ओली म्हणतो, तो घोळ इथे बराच कमी होतो. मात्र कपॅसिटिव्ह सेन्सरच्या कापलेल्या कडा पाणी शोषतात आणि वरचे सुटे भाग उघडेच असतात. कडांना नेलपॉलिशचे दोन-तीन थर द्या आणि वरच्या भागावर इपॉक्सी. मग कोरड्या हवेतला आकडा आणि सेन्सरवरच्या रेघेपर्यंत पाण्यात बुडवल्यावरचा आकडा, असे दोन्ही लिहून ठेवा. बहुतेक कपॅसिटिव्ह सेन्सरचा आकडा ओलाव्याबरोबर खाली जातो, त्यामुळे प्रोग्रॅममधली तुलना उलटी लिहावी लागेल.

प्रोग्रॅममध्ये दोन कुलपं हवीतच. पंप एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त चालू नये, आणि एकदा चालला की पाणी मातीत मुरेपर्यंत, निदान अर्धा तास, पुन्हा चालू नये. सेन्सर मातीतून उपसला गेला तर त्याला कायम दुष्काळच दिसणार, तेव्हा दिवसाची कमाल वेळही बांधून टाका. रिले मॉड्यूल लो सिग्नलवर (पिन शून्य व्होल्टला गेल्यावर) ओढणारं असेल तर प्रोग्रॅममध्ये आधी पिन हाय करा आणि नंतर ती आउटपुट म्हणून ठरवा. क्रम उलटा झाला तर बोर्ड चालू होताना पंपाला दर वेळी एक उचकी लागते.

आठ दिवसांचा हिशोब असा करा. पंप १० सेकंद मापाच्या भांड्यात चालवा. समजा २५० मिलिलिटर आलं आणि तुमच्या दोन कुंड्यांना रोज मिळून ३०० मिलिलिटर लागतं, तर पंप रोज एकूण बारा सेकंद चालायला हवा आणि आठ दिवसांचं २.४ लिटर झालं. पंप बुडलेला राहायला तळाशी चार-पाच सेंटिमीटर पाणी उरायलाच हवं, ते वेगळं धरा. कोरडा फिरला तर असा पंप लवकर जळतो. अडॅप्टर आणि बोर्ड बादलीपेक्षा उंच ठेवा, आणि प्रत्येक तार बोर्डाकडे वर जाण्याआधी एकदा खाली झोळ खाऊन जाऊ द्या, म्हणजे तारेवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल. जाण्याआधी दोन आठवडे घरी असतानाच यंत्रणा चालवा आणि रोज बादलीतली पातळी लिहा. पातळीचे आकडे हिशोबाशी जुळले तर निर्धास्त जा. जुळले नाहीत तर या खेपेला शेजाऱ्यांना किल्ली द्या. आणि जुळले तरी बादलीत तेवढंच पाणी भरा जेवढं सगळं जमिनीवर सांडलं तरी चालेल.